बाटलीवर 1757 छापलंय, मग 1953 ते 2007 काय? (किलबेगन आणि आयरिश व्हिस्कीची जुनी नावं)

सावळागोंधळ

किलबेगन नावाच्या आयरिश व्हिस्कीच्या बाटलीवर 1757 हे साल ठसठशीत छापलेलं असतं. कुतूहलापोटी जरा खणलं, तेव्हा हाती लागलं ते असं. आयर्लंडच्या मधोमध वेस्टमीथ परगण्यात किलबेगन हे छोटं गाव. तिथे ब्रॉस्ना नदीकाठी 1757 साली डिस्टिलरी सुरू झाली. 1843 मध्ये ती लॉक घराण्याकडे आली आणि पुढची शंभरेक वर्षं 'लॉक्स' म्हणूनच ओळखली गेली. 1953 साली भट्टी विझली, ती पुन्हा पेटली थेट 2007 साली. मधली 54 वर्षं तिथे थेंबभरही दारू गाळली गेली नाही.

गंमत पुढेच आहे. 1988 च्या सुमारास जॉन टीलिंग यांच्या कूली कंपनीने ही जागा आणि नाव दोन्ही घेतलं आणि 'किलबेगन' बाजारात आणली. पण ती गाळली जात होती लाउथ परगण्यात रिव्हर्सटाउनला, म्हणजे भलत्याच गावी! आज मालक आहेत जपानचे सनटोरी. मग 1757 मिरवायचा हक्क नक्की कुणाचा?

माझं मत स्पष्ट आहे: हा निव्वळ मार्केटिंगचा खेळ. पुण्यात वाडा पाडून सात मजली इमारत ठोकायची आणि पाटीवर 'अमुक वाडा' लिहायचं, तसला प्रकार. वेगळी मतं येऊ द्या. ('दारू वाईट' या विषयावर कृपया स्वतंत्र धागा काढावा.)

कोरडा_दिवस

चखणा घेऊन बसलोय. चालू द्या.

पिंपळपान

धागाकर्त्याशी सहमत. यापेक्षा भारी उदाहरण डब्लिनचं रो अँड को. थॉमस स्ट्रीटवरची जॉर्ज रो यांची डिस्टिलरी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोपातल्या सर्वांत मोठ्या डिस्टिलऱ्यांपैकी एक होती, वर्षाला 20 लाख गॅलन काढायची क्षमता. याच घराण्यातल्या हेन्री रो यांनी डब्लिनच्या ख्राइस्ट चर्च कॅथेड्रलचा जीर्णोद्धार स्वतःच्या खिशातून केला. 1920 च्या दशकात सगळं बंद. आज मूळ जागेवर उरलंय काय, तर पवनचक्कीचा एक बुरूज आणि नासपतीचं एक झाड. 2017 मध्ये दियाजिओ या मद्य कंपनीने ते नाव उचललं आणि 2019 मध्ये गिनेसच्या जुन्या वीजघरात नवी डिस्टिलरी उघडली. पहिल्या बाटल्यांत अर्थातच दुसरीकडून आणलेली व्हिस्की. वारसा म्हणावा तर नासपती!

लिफीकाठचा

बरीच वर्षं डब्लिनमध्ये आहे, किलबेगनला पाहुण्यांना घेऊन जाणं होतंच. रो अँड कोबद्दल पिंपळपान म्हणतात ते बरोबर. पण किलबेगनला वाड्याची उपमा लागू पडत नाही, कारण तिथे वाडा पडलाच नाही. म्हणजे पाडायचे प्रयत्न भरपूर झाले, पण गावाने पडू दिला नाही. हे जरा सविस्तर सांगतो.

1866 मध्ये तिथला वाफेचा बॉयलर निकामी झाला. लॉककडे नवा घ्यायला पैसे नव्हते, बँकांनी हात वर केले. तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी काढून नवा बॉयलर घेतला आणि मालकाला भेट दिला. सोबत एक मानपत्रही दिलं, ते आजही डिस्टिलरीत लावलेलं आहे. 1878 मध्ये आग लागली, तेव्हा लोकांनी गोदामांची दारं फोडली आणि भरलेली पिंपं गडगडवत रस्त्यावर आणली. तेवढा माल वाचला म्हणून धंदा वाचला.

1953 नंतरची कहाणी वाईट आहे. साठच्या दशकात एका जर्मन व्यावसायिकाने जागा घेतली. उरलेला व्हिस्कीचा साठा विकून पैसे केले आणि इमारतीत डुकरं पाळली. काँक्रीटची जमीन करायची म्हणून 'लॉक्स' असं छापलेल्या चिनीमातीच्या हजारो बरण्या फोडून भरावात घातल्या. त्या बरण्यांना आज लिलावात काय किंमत येते ते विचारू नका. नंतर अवजड यंत्रं विकणारी एक कंपनी आली, तिच्या काळात, 1978 मध्ये, तांब्याच्या भट्ट्या भंगारात गेल्या.

आणि मग 1982 मध्ये गावातलेच लोक पुढे आले. संघटना केली, छपरं शाकारली, पाणचक्की दुरुस्त केली, संग्रहालय उघडलं. कूली कंपनी आली ती यानंतर. ब्रॉस्नाच्या पाण्यावर ते लाकडी चाक आजही फिरतं. नदीला पाणी कमी पडलं की वापरायचं वाफेचं इंजिन शेजारीच आहे, 1887 चं.

त्यामुळे 1757 चा हक्क कुणाचा म्हणाल, तर माझ्या मते गावाचा. सनटोरीने तो भाड्याने घेतलाय असं समजा.

चिमूरची

वाखूसा (वाचनखूण साठवली). बरण्यांचं वाचून पोटात तुटलं.

आजीचा_बटवा

लिफीकाठचा, छान लिहिलंय, पण बॉयलरच्या गोष्टीवर इतकं गहिवरून जाऊ नये. गावकऱ्यांनी वर्गणी काढली ती काय मालकावरच्या प्रेमापोटी? आजूबाजूचे शेतकरी जव पिकवायचे, ते घेणारं गिऱ्हाईक हेच. गाळून उरलेला चोथा गुरांना घालायला मिळायचा, तोही इथूनच. शिवाय नोकऱ्या. भट्टी बंद म्हणजे पंचक्रोशी बंद. साखर कारखान्याच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. बॉयलर पेटेना म्हटल्यावर सभासदांची झोप उडते ती काही चेअरमनच्या काळजीने नाही.

लिफीकाठचा

@आजीचा_बटवा, मान्य, पोटाचाच प्रश्न होता. पण 1982 मध्ये नोकऱ्याही नव्हत्या आणि जव घेणारंही कुणी नव्हतं. तेव्हा कशासाठी केलं?

आजीचा_बटवा

पर्यटक. :)

निवृत्त_रसायनी

मुळात आयरिश व्हिस्की बुडाली कशी, हे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आयुष्य मळीपासून अल्कोहोल काढण्यात गेलं, तेव्हा हा विषय जवळचा.

'अमेरिकेत दारूबंदी झाली आणि आयरिश व्हिस्की मेली' ही गोष्ट सगळीकडे सांगतात. ती अर्धीच आहे. पहिला घाव घरच्याच माणसाचा. ईनियस कॉफी हा आयर्लंडमधला अबकारी अधिकारी. दारूवाल्यांच्या मागे लागणं हेच त्याचं काम. 1830 मध्ये त्याने सलग चालणाऱ्या स्तंभभट्टीचं पेटंट घेतलं. पॉट स्टिल म्हणजे तांब्याचं भांडं: भरा, उकळा, रिकामं करा, घासा, पुन्हा भरा. कॉफीच्या स्तंभात एकीकडून आंबवण घालत राहायचं, दुसरीकडून स्पिरिट काढत राहायचं. कमी इंधनात जास्त माल, आणि तोही स्वच्छ. आपल्या साखर कारखान्यांशेजारच्या आसवन्या याच तत्त्वावर चालतात.

डब्लिनच्या बड्या घराण्यांनी नाक मुरडलं. जॉन जेमसन, विल्यम जेमसन, पॉवर आणि रो, चौघांचं म्हणणं एकच: या स्तंभातून निघतं त्याला चव नाही, ती व्हिस्कीच नव्हे. चवीपुरतं बोलायचं तर ते खोटं नव्हतं. पण स्कॉटलंडवाल्यांनी ते बेचव स्पिरिट आपल्या माल्टमध्ये, म्हणजे मोड आणलेल्या जवाच्या व्हिस्कीत, मिसळलं आणि 'ब्लेंड' नावाने हलकी, स्वस्त, प्रत्येक वेळी एकसारखी लागणारी व्हिस्की जगभर विकली. आयरिश मंडळी शुद्धता सांभाळत बसली.

मग एकामागून एक. 1919 पासून स्वातंत्र्ययुद्ध, 1920 ते 1933 अमेरिकेची दारूबंदी, 1932 ते 1938 ब्रिटनशी व्यापारयुद्ध, म्हणजे साम्राज्याची बाजारपेठही हातची गेली. दुसऱ्या महायुद्धात तर कमालच. ब्रिटनने डॉलर हवेत म्हणून स्कॉचची निर्यात रेटली. आयरिश सरकारने मात्र निर्यातीवर मर्यादा घातली, कारण देशात खपलेल्या बाटलीवर कर मिळतो. अमेरिकन सैनिक घरी परतले ते स्कॉचची चव घेऊन.

1966 मध्ये उरलेल्या जेमसन, पॉवर आणि कॉर्कच्या कंपन्या एकत्र आल्या, 1975 मध्ये त्यांनी सगळं उत्पादन मिडल्टनला हलवलं. उत्तरेतली बुशमिल्स 1972 मध्ये त्यांच्यातच सामील झालेली. म्हणजे अख्ख्या बेटावर दोन डिस्टिलऱ्या आणि एकच मालक. किलबेगन बंद पडली यात नवल नाही, 1953 पर्यंत टिकली हेच नवल. 1924 ते 1931 तिथेही भट्टी थंडच होती.

गोंयकार_भाटकार

रसायनी काका, प्रतिसाद नाही, व्याख्यान आहे हे. दंडवत.

अवांतर: मिडल्टनवरून आठवलं. जालियनवाला बागेचा जनरल डायर शिकला ते मिडल्टन कॉलेज याच गावात. आणि त्याच्या बापाची हिमाचलात दारूची भट्टी. कुठल्या कुठे धागे जातात!

मावळतीकर

1953 मध्ये किलबेगन बंद का पडली याचं तात्कालिक कारण राहिलंच. 1952 च्या अर्थसंकल्पात सरकारने मद्यावरचा कर 28 टक्क्यांनी वाढवला. देशातला खप कोसळला. पुढच्या वर्षी नाताळाच्या ऑर्डरी हातात होत्या, माल गोदामात पडून होता, पण तो सरकारी कुलपातून सोडवायला लागणारा कर भरायला कंपनीकडे पैसे नव्हते. आपल्याच मालासमोर उभे, आणि हात लावता येत नाही.

पण त्याच्याही आधीचं प्रकरण खरं रसाळ आहे. 1947. डिस्टिलरी लॉक घराण्यातल्या दोन बहिणींकडे होती आणि त्यांनी ती विकायला काढली. महायुद्ध नुकतंच संपलेलं, ब्रिटनमध्ये जुन्या व्हिस्कीचा दुष्काळ, काळ्या बाजारात वाट्टेल तो भाव. किलबेगनच्या गोदामात मुरलेला साठा पडलेला. अशा वेळी एक परदेशी गट येऊन 3,05,000 पौंडांची बोली लावतो. एक स्विस व्यापारी पुढे, आणि सोबत दुभाषा म्हणून एक 'मिस्टर स्मिथ'. हे स्मिथ निघाले मॅक्सिमो नावाचे रशियन गृहस्थ, ब्रिटिश पोलिसांना हवे असलेले! अनामत भरायची वेळ आली तेव्हा पैसेच नाहीत. स्मिथ महाशयांची जहाजातून हद्दपारी ठरली, तर ते वाटेतूनच पसार.

इथवर नुसती ठकसेनगिरी. पण ऑलिव्हर फ्लॅनगन नावाच्या खासदाराने संसदेत उठून आरोप केला की मंत्र्यांनी या टोळीला मदत केली, सोन्याची घड्याळं भेट घेतली, आणि बोट थेट पंतप्रधान डी व्हॅलेरा यांच्या घरापर्यंत नेलं. न्यायाधीशांचा चौकशी आयोग बसला. डिसेंबरमध्ये अहवाल आला: आरोपांत तथ्य नाही, उलट फ्लॅनगन यांच्याच साक्षीवर ताशेरे. पण लोकांच्या मनात संशय बसायचा तो बसला. फेब्रुवारी 1948 च्या निवडणुकीत डी व्हॅलेरांची 16 वर्षांची सत्ता गेली, आणि फ्लॅनगन मात्र दणक्यात निवडून आले. सत्ता जायला इतरही कारणं होती, महागाई होती, संप होते. तरी एका खेड्यातल्या भट्टीने सरकार हलवलं हे खरंच.

कोरडा_दिवस

आरोप खोटे, आरोप करणारा विजयी. आपल्याकडे असं कधी होत नाही ब्वा.

संपादक मंडळ

कृपया चर्चा आयर्लंडपुरती ठेवावी.

पिंपळपान

खी खी.

चिमूरची

आमच्या भागात मोहाची निघते म्हणून विचारते. आयर्लंडमध्येही घरोघरी गाळलेली 'पोचीन' असते ना? तिच्यावर 1661 पासून बंदी होती आणि ती 1997 मध्ये उठली असं वाचलंय. म्हणजे वारसा, 1757, घराणी हे सगळं परवानावाल्यांचं कौतुक. रानात, डोंगरात जी बाई चूल पेटवून गाळायची तिच्या नावाचं लेबल कुठे आहे? इंग्रजांनी मुंबई इलाख्यात 1892 च्या कायद्याने मोहाची फुलं वेचण्यावर निर्बंध घातले. कर बुडतो म्हणून. तिथेही कारण तेच, सरकारही तेच.

लिफीकाठचा

@चिमूरची, अगदी. आणि आज पोचीनही देखण्या बाटलीत घालून वारसा म्हणून विकतात.

सावळागोंधळ

भरपूर माहिती मिळाली, सगळ्यांचे आभार. गावाने इमारत जपली, हे वाचून वाड्याची उपमा किलबेगनपुरती बाजूला ठेवतो, रो अँड कोला खुशाल लावा. पण माझा मूळ प्रश्न बाटलीतल्या द्रवाबद्दल होता. इमारत जुनी, चाक जुनं, सगळं कबूल. प्यायला काय मिळतं? लॉक घराणं जे गाळत होतं तेच, की दुसरंच काही?

निवृत्त_रसायनी

दुसरंच. यात शंका नको.

जुन्या आयरिश पॉट स्टिल व्हिस्कीत मोड आणलेल्या जवासोबत मोड न आणलेले जव घालायचे. मूळ कारण, माल्टवर कर होता. शिवाय ओट्स, थोडी राय (गव्हासारखं एक धान्य), गहू, हाताशी असेल ते. कूलीने सुरू केलेली साधी किलबेगन हा ब्लेंड आहे, म्हणजे माल्ट अधिक कॉफीच्या स्तंभातली ग्रेन व्हिस्की. ज्या यंत्राला नाकारून आयरिश मंडळी बुडाली, त्याच यंत्राचा माल जुन्या नावाने. आणि दोनदाच गाळलेली, तिथे जिचा गवगवा असतो ती तीनदा गाळण्याची पद्धत नाही. वाईट नाही, हलकी आहे, गोडसर आहे. पण 1890 मधला गिऱ्हाईक ओळखणार नाही.

2007 नंतरची गोष्ट वेगळी. तेव्हा बसवलेल्या दोन भट्ट्यांपैकी एक आहे साधारण 180 वर्षं जुनी, शेजारच्या टलामोरच्या जुन्या डिस्टिलरीतली. म्हणजे स्वतःच्या भट्ट्या भंगारात गेल्या आणि शेजाऱ्याची वाचलेली कामी आली. सुरुवातीला कूलीहून पहिल्या फेरीचं स्पिरिट आणून इथे फक्त दुसरी फेरी द्यायचे. 2010 पासून धान्य दळण्या-आंबवण्यापासून सगळं तिथेच. 2018 मध्ये तिथेच गाळलेली राय आली, धान्यात 30 टक्के राय असलेली. नंतर सिंगल पॉट स्टिल आली, तिच्यात थोडे ओट्स. जुन्या चवीच्या जवळ जायचं असेल तर या दोन बाटल्या. साध्या किलबेगनमध्ये 1757 शोधू नका.

पिंपळपान

म्हणजे काका, जुनं नाव साध्या बाटलीवर आणि खरा माल महागड्या बाटलीत.

निवृत्त_रसायनी

धंदा आहे बाबा. स्वस्त बाटलीनेच महाग बाटलीचा खर्च निघतो.

लिफीकाठचा

साध्या बाटलीच्या बाजूने एक मुद्दा. ती नसती तर भट्टी पेटलीच नसती. टीलिंगनी 1987 मध्ये सरकारचा बटाट्यापासून अल्कोहोल करायचा बंद पडलेला कारखाना घेतला, त्यातून कूली उभी राहिली. त्या वेळी अख्खी आयरिश व्हिस्की एकाच कंपनीच्या हातात होती आणि ती पुढच्याच वर्षी फ्रेंच पेर्नो रिकारकडे गेली. 1993 मध्ये त्यांनी कूली विकत घ्यायचा घाट घातला, हेतू होता बंद करण्याचा. 1994 मध्ये स्पर्धा प्राधिकरणाने सौदा अडवला. अडवला नसता तर आज किलबेगनला फक्त संग्रहालय असतं.

पुढे 2011-12 मध्ये कूली अमेरिकेच्या बीमकडे गेली, सुमारे साडेनऊ कोटी डॉलरला. नव्या मालकांनी बाहेरच्या लेबलांना माल देणं थांबवलं, तेव्हा कितीतरी 'शतकानुशतकं जुन्या' ब्रँडांची धावपळ झाली. सगळ्यांची परंपरा एकाच नळातून येत होती! टीलिंगच्या मुलांनी 2015 मध्ये डब्लिनच्या लिबर्टीज भागात स्वतःची डिस्टिलरी काढली. शहरात सव्वाशेहून अधिक वर्षांनी उघडलेली पहिली. बाटलीवर फिनिक्स पक्षी आणि पूर्वज वॉल्टर टीलिंग यांचं 1782.

आजीचा_बटवा

हं, आला की परत आकडा! सगळ्यांना सतराशेच पाहिजे.

गोंयकार_भाटकार

आकड्यांवरून: कायद्याने आयरिश व्हिस्की त्या बेटावर लाकडी पिंपात किमान तीन वर्षं मुरवावी लागते. म्हणजे 2007 मध्ये गाळलेली 2010 पर्यंत व्हिस्कीच नाही. मग बाटलीवर 2010 छापा. :) तिथे पिंपातून वर्षाला साधारण 2 टक्के उडून जाते, त्याला 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. आमच्या गोव्यात कुंकळ्ळीला सिंगल माल्ट करतात, तिथल्या उकाड्यात याच्या कितीतरी पट उडते. देवदूत सगळे सासष्टीत स्थायिक.

मावळतीकर

फिनिक्सवरून राहवत नाही. लिबर्टीजमध्ये 18 जून 1875 ला गोदामाला आग लागली. पिंपं फुटली आणि पेटलेली व्हिस्की रस्त्यांतून ओढ्यासारखी वाहायला लागली. पाणी मारावं तर पेटतं मद्य त्याच्यावर तरंगत पुढे सरकतं. अग्निशमन दलाच्या प्रमुखाने शेवटी घोड्यांची लीद मागवली आणि रस्त्यात बांध घातले. 13 माणसं गेली.

चिमूरची

भाजून?

मावळतीकर

एकही नाही. तेराच्या तेरा जणांनी रस्त्यावरून वाहणारी टोप्यांत, बुटांत भरून प्यायली, त्याने गेले. पिंपातली कच्ची, पाणी न घातलेली.

कोरडा_दिवस

बुटातून?!

निवृत्त_रसायनी

पिंपातली साठ टक्क्यांच्या आसपास असते. बुटाचा वास काय लागणार.